मॉसी हेनेबरीचा कान

घोडा बघायचा नसतो, ऐकायचा असतो, हे मॉसी हेनेबरीनं चाळीस वर्षं आयर्लंडातल्या सगळ्या लिमरिक परगण्याला ऐकवलं होतं. डोळ्यांना काय, कुणीही फसवतं, असं तो म्हणायचा. तुकतुकीत कातडी, ताठ मान, मालकिणीनं हौसेनं विंचरलेली शेपटी, सगळा डोळ्यांना भुलवायचा कारभार. पण मैलभर चढ पळून आलेल्या घोड्याचा श्वास थापा मारत नाही. म्हणून म्हातारा नॉकडेरीच्या टेकडीवर, माथ्यावरच्या काटेरी झाडापाशी उभा राहायचा आणि खालून येणाऱ्या घोड्याकडे चक्क पाठ करायचा. घोडा मागून येऊन त्याच्या खांद्याजवळून सुसाट पुढे जायचा आणि पन्नास पावलांवर थांबायचा. मग मॉसी मान हलवून, काठी वर किंवा आडवी करून निकाल द्यायचा. हा चालेल, तो नाही. त्याचं कधी चुकलं नाही म्हणतात. आता लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात, पण या बाबतीत ते बहुतेक खरंच होतं.

घोड्यावर नेहमी ब्रीडा असायची. मॉसीची एकुलती एक लेक, वय एक्केचाळीस, बाराव्या वर्षापासून खोगिरात. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायची, तबेल्यात अकरा नवरे आहेत, सगळे गवत खातात आणि एकही उलटून बोलत नाही. घोडा थांबला की तिचा उजवा हात खाली वाकून त्याच्या घशाखाली जायचा. श्वासात काही खरखर असेल तर श्वासनळीची थरथर तळव्याला लागते. बापानंच शिकवलं होतं, ती इतकीशी होती तेव्हा. साफ श्वासाच्या घोड्याच्या मानेवर ती नुसती थाप मारायची. यातलं काहीएक ती ठरवून करत नव्हती. आपण सायकलवरून उतरताना पाय कुठला टेकतो, ते ठरवतो का?

तर गोष्ट अशी की मॉसी बहिरा झाला होता.

ब्रीडाला हे नोव्हेंबरात कळलं. चुलीवरची किटली शिट्टी घालून घालून बेजार झाली आणि म्हातारा तिच्यापासून दोन हातांवर बसून शांतपणे पेपर वाचत होता. पान उलटलं, चष्मा पुसला, किटलीकडे ढुंकून बघितलं नाही. मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. प्रार्थनेच्या वेळी तो सगळ्यांचं म्हणून झाल्यावर बोलायचा. रेडिओवर शर्यत लागली की रेडिओकडे बघायचा नाही, टक लावून ब्रीडाच्या तोंडाकडे बघत बसायचा आणि तिचा चेहरा पडला की "गेला वाटतं" म्हणायचा. तिला रडू आलं. गोठ्यात जाऊन ती पोटभर रडली आणि परत आल्यावर तिनं किटली उतरवली.

बोलायचं कसं? बायको गेल्यापासून त्या माणसाकडे होतं काय? एक गुडघा कामातून गेलेला, दात नकली, आणि हा कान. परगण्यातली माणसं अजून घोडा विकत घेण्याआधी त्याला टेकडीवर उभं करायची. "मॉसीनं ऐकलाय" एवढं म्हटलं की पुढे कुणी प्रश्न विचारायचं नाही. त्याला तोंडावर सांगायचं की बाबा, तुमचा कान मेलाय? त्यापेक्षा गुरासारखं मुकं राहिलेलं बरं, असं तिनं ठरवलं. शिवाय एक कोडं होतंच. गेली दोन वर्षं तो नक्की बहिरा असणार, तरी टेकडीवरचे निकाल बरोबरच यायचे. तिला वाटलं, टापांचे हादरे बुटातून कळत असतील, किंवा काही आवाज अजून पोचत असतील. माणसाला जे हवं असतं ते त्याला लगेच पटतं.

त्या वर्षी ईस्टरच्या मोठ्या शर्यतीसाठी तबेल्यात तीन उमेदवार होते. ही शर्यत नवख्यांची. ज्या घोड्यानं मागच्या हंगामापर्यंत कुंपणांवरची एकही शर्यत जिंकलेली नाही, त्यालाच ती पळता येते, म्हणजे घोड्याच्या जन्मात ती एकदाच. यंदा हुकली की हुकली. मॉसीचा घोडा तीत दोनदा दुसरा आला होता, पहिला कधीच नाही, आणि आता मॉसी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. तिन्ही घोडे मालकीनं नेटी क्विर्क या पबवालीचे, तयारी मॉसीकडे, पण एका तबेल्यातून एकच जायचा हा मॉसीचा कायदा. दोन पाठवणं म्हणजे एकावरही भरवसा नसणं, असं त्याचं म्हणणं.

तिघांतला तांबडा घोडा कागदावर किलकाशेल होता, पण तबेल्यात त्याला सगळे खुळ्या म्हणायचे. जन्मला आणि दुसऱ्या दिवशी आई मेली. ब्रीडानं त्याला स्वयंपाकघरात शेगडीपाशी ठेवून बाटलीनं दूध पाजलं होतं. पाच वर्षांचं धूड झालं तरी तो तिच्या कोटाची बाही चघळायचा. तिचे सगळे कोट उजव्या बाहीला भोकाचे. आणि कुंपण दिसलं की हा खुळ्या असा उडायचा की बघणाऱ्यानं टाळ्याच वाजवाव्यात. या हंगामात तीन शर्यती पळाला, तिन्ही जिंकला.

ईस्टरच्या तीन आठवडे आधी, शनिवारी सकाळी, निवडीचा दिवस ठरला. पेपरवाला फर्गल लाहिफ कॅमेरा गळ्यात अडकवून आला. नेटीही आली, अंगात लोकरीचा कोट आणि पायात पबमधले बूट. स्वयंपाकघरात चहा आणि सोडा ब्रेड झाला. फर्गल बाकीच्या उमेदवारांची यादी वाचायला लागला.

"ब्रास बटन. कॉर्कवाल्यांचा. पाच पळालाय, पाच जिंकलाय."

"कुणाशी पळालाय?" नेटी म्हणाली. "गाढवांशी. माझी सासू जिंकली असती."

"मॉनिटर. घराणं मोठं."

"घराण्याला काय चाटायचंय. चिखल दिसला की तो मेणबत्ती विझावी तसा विझतो."

"उत्तरेकडचा तो काळा, कॅप्टन मूर. त्याची मला भीती वाटते, मॉसी. तुम्ही काय म्हणता?"

मॉसी त्याच्या ओठांकडे बघत होता. फर्गलच्या मिशा जाड. ब्रीडानं ब्रेडचं ताट पुढे करत बापाकडे तोंड वळवलं आणि सावकाश म्हणाली, "कॅप्टन मूर कसा वाटतो, असं विचारतोय फर्गल."

"उंच उडतो," मॉसी म्हणाला. "हवेत राहतो तेवढा वेळ वाया. शर्यत जमिनीवर जिंकतात. पण आपला कोण, ते आधी ऐकू दे मला. चल ग."

टेकडीवर वारा होता आणि पिवळं काटेरी झुडूप नुकतं फुलायला लागलं होतं. मॉसी आपल्या झाडापाशी पाठ करून उभा राहिला. नेटी आणि फर्गल पुढे, घोडा जिथं थांबतो तिथं. खाली तबेल्यातले शीहान बंधू घोडे धरून होते.

पहिला डीकन. पांढरा, सभ्य, कधी कुणाला लाथ न मारलेला. श्वास साफ, पण चढ संपेपर्यंत पाय जड झाले. ब्रीडानं मानेवर थाप मारली.

"साफ आहे," मॉसी म्हणाला. "पण टापा ऐकल्यास? भिजलेल्या पोत्यासारख्या. नको."

दुसरी लेडी टुमी नावाची घोडी. हिच्या श्वासात माथ्याजवळ बारीक शीळ होती, इतकी बारीक की स्वारालाच कळावी. ब्रीडाचा हात घशाखाली गेला. मॉसीनं काठी आडवी केली.

"आवाज आहे. घोडी परत न्या."

ब्रीडा थक्क झाली. माथ्यावरच्या वाऱ्यात ही शीळ बाबांनी ऐकली? तिच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. अगदीच गेलेला नाही म्हणजे कान. बारीक आवाज येत असतील, किटलीच्या वेळी कशात तरी गुंग असतील. तिला इतकं बरं वाटलं की ती घोडीवरच हसायला लागली.

फर्गलचं मात्र भलतीकडे लक्ष होतं. "काय ग ब्रीडा," तो मिशांतून म्हणाला, "तू घशाला हात लावलास आणि लगेच म्हाताऱ्याची काठी आडवी झाली. बापलेकींची खूण आहे की काय? तसं असेल तर छापतो बरं का. जादूगाराचं बिंग फुटलं."

थट्टाच होती. फर्गलचा स्वभावच तसा, मेलेल्या माणसाशी थट्टा करेल. नेटी खो खो हसली. पण ब्रीडाच्या कानशिलांना आग लागली. एवढ्या मोठ्या वयाचा माणूस, आयुष्यभराची अब्रू, आणि हा दीडदमडीचा पेपरवाला ती चिमटीत धरून हलवतोय. "तुझ्या मिशा छाप," ती म्हणाली आणि घोडी घेऊन खाली गेली. उतरताना तिनं मनाशी पक्कं केलं, आता खुळ्यावर येताना हात लगामावरून हलवायचा नाही. बोलायला जागाच ठेवायची नाही.

खुळ्या चढाला लागला आणि पहिला अर्धा मैल ती नुसती सुखात होती. मग घरघर आली. आधी तिला वाटलं वारा. मग मांड्यांखाली कळलं. आत कुठंतरी करवत चालावी तसा आवाज, प्रत्येक झेपेला एकदा. महिन्यापूर्वी नव्हता हा. माथ्याजवळ तो इतका वाढला की तिला वाटलं खाली शीहानांनाही ऐकू जाईल. ती बापाच्या पाठीशेजारून गेली. आता ऐकलंच असणार, घोडीची शीळ ऐकली त्यांनी, ही तर केवढी मोठी, असं मनात म्हणत ती पुढे जाऊन थांबली.

फर्गलनं कॅमेरा डोळ्याला लावला होता. कॅमेरा तिच्या हाताकडे. ब्रीडानं दोन्ही हात लगामावर घट्ट धरून ठेवले. खुळ्यानं मान वळवून तिची बाही तोंडात घेतली.

म्हातारा तिच्याकडे बघत होता. बराच वेळ बघितलं त्यानं. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमललं, जे आई गेल्यापासून तिनं पाहिलं नव्हतं. त्यानं काठी आभाळाकडे उंच धरली.

"साफ," तो म्हणाला. "विहिरीच्या पाण्यासारखा साफ. हाच."

नेटीनं त्याचा मुका घेतला. फर्गलनं फोटो काढला. ब्रीडानं बाही खुळ्याच्या तोंडातून सोडवून घेतली.

त्यानंतरचे तीन आठवडे काही ती गप्प बसली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिनं मनाशी अर्थ लावला की शिळेसारखे बारीक आवाज बाबांना येतात आणि जाडे येत नाहीत. रविवारी चर्चमधून आल्यावर बटाटे सोलता सोलता तिनं विषय काढला.

"बाबा, खुळ्याला डॉक्टर दाखवू या का एकदा? नळी घालून घसा बघतात. काही निघालं तर हल्ली ऑपरेशन करतात, सहा आठवड्यांत घोडा ठणठणीत."

"सहा आठवड्यांत ईस्टर होऊन जाईल."

"होऊ दे की."

"पुढच्या वर्षी तो नवखा नसेल, ब्रीडा. आणि मी असेन की नाही, देवाला माहीत." तो बटाट्याची साल बोटाभोवती गुंडाळत म्हणाला. "चाळीस वर्षांत माझ्या घोड्याच्या नाकात कुणी नळी घातली नाही. कशाला हवी?"

"मला जराशी घरघर वाटली त्या दिवशी. चढावर."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. कपाळावर आठी आली, गेली. "वाटली?" तो म्हणाला. "छे. तू वर आलीस तेव्हाच मला कळलं होतं. शर्यत जवळ आली की तुझ्या पोटात गोळा येतो, तुझ्या आईसारखा. तिलाही आदल्या आठवड्यात सगळे घोडे लंगडे दिसायचे."

आता, ब्रीडा, आता बोल. बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. पाच शब्द. ते तिच्या जिभेवर आले होते, दातांपर्यंत आले होते. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघून डोळा मिचकावला आणि सोललेला बटाटा पातेल्यात टाकला. तिनं शब्द गिळले. वाटलं, तीनदा जिंकलाय, चौथ्यांदाही जिंकेल. कितीतरी घोडे घरघर करत जिंकतात. खोटं नव्हतं तेही, पण तिला स्वतःला ते पटलं नाही, आणि तरी ती पुढचा बटाटा सोलायला लागली. गुड फ्रायडेला ती क्रूसासमोर गुडघे टेकून बसली तेव्हा तिनं देवाकडे पाऊस मागितला. धो धो पाऊस, की शर्यतच रद्द व्हावी. पाऊस आला नाही. शर्यतीचा सोमवार असा लख्ख उजाडला की रागच यावा.

शर्यतीच्या वेळी बापलेक शेवटच्या कुंपणापाशी, कठड्याला टेकून उभे होते. तिनंच त्याला तिथं आणलं, वर स्टँडमध्ये माणसांत बसणं तिला शक्य नव्हतं. अडीच मैल काही झालं नाही. खुळ्या उडत होता तो असा की शेजारचा अनोळखी माणूस आपल्या बायकोला म्हणाला, "तो तांबडा बघ, तो तांबडा." ब्रास बटन पडला, त्याचं खरं रूप दिसलं. मॉनिटर विझला. शेवटच्या वळणावर दोघेच उरले, कॅप्टन मूर आणि खुळ्या, आणि खुळ्या दोन घोड्यांच्या लांबीनं पुढे.

ब्रीडाला तो दिसण्याआधी ऐकू आला. माणसांच्या आरड्याओरड्यातून, टापांमधून, ती करवत. एवढी मोठी की शेजारच्या त्या माणसाच्या बायकोनंही "अगं बाई, हे काय" म्हणून मान वळवली. मॉसीनं दुर्बीण खाली केली होती. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते आणि तो तिचा दंड धरून लहान मुलासारखा हलवत होता.

"आला बघ," तो म्हणाला. "ब्रीडा, आला ग आपला. कसा गपगुमान येतोय बघ."

खुळ्यानं कुंपणासाठी अंग उचलायला घेतलं, पण आत हवाच नव्हती. पुढचे पाय वर गेलेच नाहीत. तो छातीनं कुंपणात घुसला आणि डोक्यावर उलटा पडला. जॉकी लोळत बाजूला गेला आणि उठून बसला. खुळ्या उठला नाही. त्याचा एक पाय थोडा वेळ हलत राहिला, मग तोही थांबला. माणसं हिरवं कापड घेऊन धावत आली आणि लोकांना दिसू नये म्हणून त्याच्या भोवती धरून उभी राहिली. कॅप्टन मूर जिंकला.

 घरी येताना नेटी पबच्या दाराशी गाडीतून उतरली, तिनं मॉसीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "तुझा काय दोष, मॉसी. घोडे पडतात." ते खरंच होतं. घोडे पडतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रीडा खुळ्याच्या खोलीतला पेंढा काढत होती. काढायची घाई नव्हती, पण हाताला काम हवं होतं. म्हातारा दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. रात्रीतून त्याचे गाल आत गेले होते.

"नेटीला जॉकीचा फोन आला होता," तो म्हणाला. "तिनं येऊन सांगितलं. म्हणे दुसऱ्या वळणापासून घोडा घरघरत होता."

ब्रीडानं फावडं भिंतीला टेकवलं.

"मला ऐकू येत नाही, पोरी. दोन वर्षं झाली. तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. किटली परस्पर उतरवायला लागलीस तेव्हाच कळलं." त्यानं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "टेकडीवर मी ऐकत नव्हतो. तुझा हात बघत होतो. आवाज असला की तू घशाला हात लावतेस. दरवेळी लावतेस. या दोन वर्षांत तू एकदाही चुकली नाहीस. मला वाटायचं, कान माझे गेले तरी घरात आहेत."



"तू हात लावला नाहीस," तो म्हणाला. रागानं नाही. विचारल्यासारखं, समजून घ्यायचं असल्यासारखं. "मग मला वाटलं, साफ आहे. बटाट्यांच्या वेळी तू बोललीस, तेव्हासुद्धा मी म्हटलं, तोंड घाबरतं, हात घाबरत नाही. सांग मला. त्या दिवशी चढावर आवाज होता?"

सांगायला ती तोंड उघडणार होती. नव्हता, असं सांगायचं होतं. तेवढी एक दया हातात उरली होती आणि ती तिला करायची होती. आतापर्यंत दयाच करत आली होती ती. पण हुंदका आला, श्वास अडकला, आणि तिचा उजवा हात, भोकाच्या बाहीसकट, आपोआप वर गेला आणि तिच्या स्वतःच्या घशावर जाऊन बसला.

म्हाताऱ्यानं तो बघितला. टेकडीवर हलवायचा तशी मान हलवली, टोपी डोक्यावर घातली, आणि तो अंगण ओलांडून घरात गेला.